तळ्यात नाही

त्या वीकेंडला आम्ही कुठेच जाणार नव्हतो. गुरुवारी संध्याकाळी शैलाकाकूंचा फोन आला आणि सगळं बदललं.

"केतकी, तुझं ते बीपबीप वाजणारं मशीन तळ्यात चालतं का गं?"

मी म्हटलं, "चालतं. म्हणजे खालची चकती पाण्यात चालते, वरचा डबा कोरडा ठेवावा लागतो. पण खोल पाणी असेल तर नाही. आणि तळ खडकाळ असेल तर..."

"अगं, चालतं की नाही?"

"चालतं."

वसंतकाका आणि शैलाकाकू म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, निखिलच्या, बाबांचे जुने स्नेही. काका भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त झालेत. चाळीसेक वर्षांपूर्वी ते या देशात आले आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम टोकाला, ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, घर घेऊन राहिले. घरामागे त्यांचं स्वतःचं छोटं तळं आहे आणि त्यांच्या घरच्या गणपतीचं विसर्जन दरवर्षी त्याच तळ्यात होतं. आता घर विकलं गेलं होतं. बुधवारी किल्ल्या द्यायच्या आणि मुलीजवळ अर्विंगला, टेक्ससमध्ये राहायला जायचं. सामान बांधताना काकूंनी दागिन्यांचा डबा उघडला, तर गणपतीची सोन्याची बोरमाळ त्यात नव्हती. विसर्जनाचे फोटो पाहिले. माळ मूर्तीच्या गळ्यात होती. पाण्यात जाईपर्यंत होती.

"दरवर्षी मी स्वतः काढते गं," काकू म्हणाल्या. "यंदा शेवटचं विसर्जन म्हणून रडत बसले आणि राहूनच गेली."

माळ काकूंच्या सासूबाईंची. मुलीकडे गेल्यावर पुढचा गणपती तिच्या घरी बसणार आणि ही माळ त्याच्या गळ्यात घालायची, असं काकूंनी केव्हाच ठरवून टाकलेलं. काकांनी त्यावर त्यांच्या पद्धतीचा उपाय काढला होता. सोमवारी सकाळी एक माणूस खोदयंत्र घेऊन येणार, तळ्याच्या काठचा सगळा गाळ उपसणार आणि तो गाळ हे दोघं चाळणीतून चाळणार. काकूंना ते नको होतं. तळ्यात कासवं आहेत, आणि यंत्राच्या दातांखाली ती नाजूक माळ काय टिकणार? "तोवर तू एकदा बघ," त्या म्हणाल्या. म्हणजे माझ्या हातात शनिवार आणि रविवार होते.

फोन ठेवल्यावर मी काळजीने मशीनच्या बॅटऱ्या तपासायला घेतल्या. निखिल मात्र खुशीत. "मस्त रोड ट्रिप! आणि रिलॅक्स यार, मिळायचं असेल तर मिळेल. शेवटी हे सगळं लकच असतं."

हे 'लकच' मी तीन वर्षं ऐकते आहे. त्यावर मी का चिडते हे सांगायचं, तर थोडं कराडच्या सराफ कट्ट्यावर जावं लागेल.

माझे बाबा सोनार. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून तिसरीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. बाबांच्या कामाच्या बैठकीशेजारी बसून शिकले. बेरीज-वजाबाकी काट्याच्या वजनांवर आणि वाचन आईजवळ. त्याबरोबर एक विषय असा शिकले की जो कुठल्याच शाळेत नसतो: सांडलेलं सोनं शोधणं. एखादा कण उडाला की बाबा हात वर करायचे आणि सगळे जागच्या जागी थांबायचे. मग जमीन झाडायची ती एकाच दिशेने, पट्ट्या-पट्ट्यांनी, आणि एकदा संपली की पुन्हा आडवी. झाडलेली धूळही टाकायची नाही. ती विकत घेऊन त्यातलं सोनं काढणारे लोक असतात. या घरात वाढलेल्या मुलीला कोणी 'लक' म्हटलं की राग येणारच.

लग्नानंतर याच राज्यात, मॉरिसव्हिलला आले तेव्हा सुरुवातीला मला कामाचा परवाना नव्हता. घरात बसून वेड लागायची पाळी आली, तेव्हा एका गॅरेज सेलमध्ये एक जुना डिटेक्टर, म्हणजे हेच धातू शोधणारं बीपबीप मशीन, घेतला. आता मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, पण डिटेक्टर सुटलेला नाही.

शुक्रवारी दुपारी अर्धी सुट्टी टाकून निघालो. रस्ता अगदी सोपा आहे. मॉरिसव्हिलहून आय-फॉर्टी हायवे पश्चिमेकडे पकडायचा आणि सोडायचाच नाही. ग्रीन्सबरोजवळ संध्याकाळी ट्रॅफिक लागतं, म्हणून तीनच्या आत तिथून पुढे सरकलेलं बरं. हिकरी गाव गेलं की क्षितिजावर डोंगरांची निळी रेघ दिसायला लागते. नोव्हेंबरचा मध्य होता. पानांचा रंगोत्सव संपून झाडं उघडी पडली होती. रंग बघायचे असतील तर ऑक्टोबरमध्ये जा. पण आमच्यासारखं गर्दीपासून दूर राहायचं असेल, तर नोव्हेंबर उत्तम. पेट्रोल जाऊन-येऊन दीड टाकीच्या आत. खाणं घरून नेलं होतं, मेथीचे ठेपले आणि दाण्याची चटणी. निखिलने तरी वाटेत थांबून बार्बेक्यू सँडविच खाल्लंच.

डोंगराच्या अलीकडे रस्त्याकडेला सोनं धुण्याची जागा लागते. या राज्यात कॅलिफोर्नियाच्याही आधी सोनं सापडलं होतं आणि त्याची हौस अजून शिल्लक आहे. वीस डॉलरला वाळूची एक बादली आणि एक चपटी थाळी देतात. वाहत्या पाण्यात थाळी हलवत वाळू धुवायची. आम्ही एक-एक बादली घेतली. मी अर्धा तास हळूहळू थाळी फिरवत, जड काळी वाळू वेगळी करत बसले आणि मला टाचणीच्या डोक्याएवढे दोन कण मिळाले. निखिलने दोनदा थाळी गदागदा हलवली आणि त्याला एक छान जांभळा स्फटिक मिळाला.

"आता बोल," तो म्हणाला. "लक की स्किल?"

काउंटरवरच्या बाई हसून म्हणाल्या, "डिअर, ते खडे आम्हीच बादलीत टाकतो."

मी निखिलकडे नुसतं पाहिलं. त्याने स्फटिक खिशात टाकला आणि गाडीकडे निघाला.

घर खोक्यांनी भरलेलं होतं. काकूंनी त्यातही पिठलं-भात केला होता. जेवता-जेवता त्यांनी विसर्जनाचा व्हिडिओ दाखवला. काका गुडघाभर पाण्यात उभे, हातात फूटभर उंचीची शाडूची मूर्ती. एकदा बुडवली, वर काढली. दुसऱ्यांदा बुडवली, वर काढली. तिसऱ्यांदा सोडून दिली. मूर्ती बुडताच व्हिडिओ संपतो. मी तो इतक्या वेळा पाहिला की काका म्हणाले, "अगं, ऑपरेशनआधी एवढे रिपोर्ट मीही पाहिले नाहीत." पण मला हवं होतं ते मिळालं. काकांच्या मागे लाकडी धक्क्याचा तिसरा खांब आणि पलीकडच्या काठावरचं दुभंगलेलं ओकचं झाड एका रेषेत दिसत होतं. म्हणजे मूर्ती नेमकी कुठे सोडली, ते सकाळी काठावर उभं राहून ठरवता येणार होतं.

शनिवारी सकाळी बाहेर चार अंश तापमान होतं. काकांनी तळ्याची पाणी सोडायची मोरी आदल्या दिवशीच उघडून पाणी अर्धा फूट उतरवलं होतं, त्यामुळे काठाजवळ पाणी जेमतेम पोटरीपर्यंत. तुम्ही कधी असं काही करणार असाल, तर माझ्यासारखं गमबुटांवर भागवू नका. छातीपर्यंतची रबरी विजार भाड्याने मिळते, ती घ्या. आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. ब्लू रिजच्या सरकारी जमिनीवर डिटेक्टर चालवायला मनाई आहे. मी काकांकडूनसुद्धा लेखी परवानगी मागितली. ते आधी हसले, मग खोक्यावरच्या टेपवर मार्करने 'गो अहेड' लिहून तो तुकडा माझ्या बाहीवर चिकटवला.

पाण्यात शिरण्याआधी एक काम होतं. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात. वर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. गणपतीच्या माळेचे तर वाटाण्याहूनही लहान. एवढ्याशा सोन्याचा आवाज मशीनला चॉकलेटच्या चंदेरी कागदासारखाच ऐकू येतो. बहुतेक लोक कचऱ्याचे आवाज बंद करून फिरतात आणि त्या कचऱ्याबरोबर सोनंही सोडून येतात. मी सगळे आवाज चालू ठेवले. बाबांनी मला तसल्याच बोरमाळेचे चार मणी ओवून एक छोटा सर दिलेला आहे, खास मशीन तपासायला. तो पिशवीत घालून, दोरी बांधून मी तळ्याच्या चिखलात वेगवेगळ्या खोलीवर पुरला आणि वरून मशीन फिरवलं. एक वीत खोलपर्यंत आवाज स्पष्ट येत होता. त्याखाली नाही. मग काठीने चिखल टोचत गेले. विसर्जनाच्या जागेच्या आसपास कुठेही वीतभर चिखल नव्हता, खाली घट्ट लाल माती. म्हणजे माळ या चिखलात कुठेही असती, तरी मला ऐकू आली असती. हे कळलं तेव्हा, थंडीने दात वाजत असतानाही, मला बरं वाटलं.

बागेतल्या खुंट्या रोवून, नायलॉनची दोरी बांधून पट्टे आखले. निखिल दोरी सरकवायला काठावर आणि मी पाण्यात. चकती चिखलाला लागेल इतकी खाली धरून, हळू, डावीकडून उजवीकडे. बाटल्यांची बुचं. शिशाची वजनं. माशांचे गळ. कोकच्या डब्यांच्या कड्या. एक चमचा, जो काकूंनी लगेच ओळखला आणि "अय्या, हा इथे?" म्हणून धुऊन खोक्यात टाकला. दुपारी मला मूर्ती सापडली. म्हणजे मूर्तीचं जे उरलं होतं ते, पाण्याखाली शाडूचा करडा, लोण्यासारखा मऊ ढीग. जागा बरोबर काढली होती! मी श्वास रोखून त्यावर मशीन फिरवलं. काहीच नाही. हाताने ढीग चाचपला. काहीच नाही.

"खोल गेली असेल," काका काठावरून म्हणाले.

"खोल जायला जागाच नाही, काका."

"मग वाहत गेली असेल."

"तळ्याला वाहणं कुठलं?"

रविवारी त्याच जागेवर आडवे पट्टे घेतले. धक्क्याच्या खालीसुद्धा, वाकून, मानेत चमक भरेपर्यंत. पुन्हा बुचं, पुन्हा शिसं. दुपारी बारा वाजता शेवटचा पट्टा संपला. मी पाण्याबाहेर आले, मशीन बंद केलं आणि म्हणाले, "काका, माळ तळ्यात नाही."

 काकू ओट्याशी उभ्या असल्यासारख्या, पदराला हात पुसत, धक्क्यावर उभ्या होत्या.

काकांनी चष्मा काढला. "केतकी, त्या खोदयंत्रवाल्याला आज संध्याकाळपर्यंत सांगावं लागेल. मी कॅन्सल केलं आणि माळ तिथेच असली, तर बुधवारनंतर हे तळं दुसऱ्याचं. तू शुअर आहेस?"

निखिल हळूच म्हणाला, "बहुधा नाही, असं म्हण ना. सेफ राहतं."

मी एरवी प्रत्येक वाक्याला 'बहुधा' लावणारी मुलगी आहे. गॅस बंद केला की नाही हे बघायला पार्किंग लॉटमधून परत येणारी. पण मी चिखल मोजला होता, मशीन तपासलं होतं, उभं झाडलं होतं आणि आडवं झाडलं होतं.

"'बहुधा' वगैरे काही नाही," मी म्हटलं. "तळ्यात नाहीच. कॅन्सल करा."

काकांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "पाच वाजेपर्यंत थांबतो." आणि आत गेले.

मी घराच्या कोपऱ्यावरच्या नळाशी गमबूट धुवायला बसले.   बुटांवरून चिखल निघता निघेना. एका बुटाचाच केवढा ढीग झाला! त्या ढिगाकडे बघता-बघता मला बाबांचा पहिला नियम आठवला. जमीन झाडण्याच्याही आधीचा नियम: कण उडाला की आधी माणसं झाडायची. तळपाय, धोतराचे घोळ, बाह्या. जमिनीवरचं सोनं कुठे पळत नाही, माणसाला चिकटलेलं मात्र दाराबाहेर जातं.

"काकू," मी हाक मारली, "विसर्जन झाल्यावर काकांनी पाय कुठे धुतले?"

"याच नळावर. का गं?"

मी तिथल्या तिथे नळाभोवतीची माती तपासली. एक बूच आणि एक खिळा. माझा चेहरा पडला असणार, कारण काकू शेजारी येऊन बसल्या. "पायाचा चिखल इथे धुतला. पण हातातला तर आम्ही वर नेला ना."

"हातातला कुठला?"

"अगं, विसर्जनाची माती. रिकामा पाट घेऊन परत येत नाहीत, माहीत नाही का तुला? ह्यांनी तिथलीच मूठभर घेतली, पाटावर ठेवली, आरती केली..."

त्या बोलता-बोलता थांबल्या. व्हिडिओ का संपला होता ते मला तेव्हा कळलं. पाट धरायला काकूंनी फोन खाली ठेवला होता.

"मग ती माती कुठे टाकलीत?"

"दरवर्षी टाकते तिथेच. तुळशीत."

तुळस घरात होती. इथल्या थंडीत तिला आत घ्यावं लागतं, म्हणून काचेच्या खोलीत, उन्हात ठेवलेली. आठवड्यापूर्वीच काकूंनी तिचं लग्न लावलं होतं. कुंडीवर गेरू आणि चुन्याची बोटं, फांदीला हिरवा चुडा. मोठं मशीन तिथे चालणार नव्हतं. मी बॅगेतून गाजराएवढं हातातलं मशीन काढलं, जे धातूजवळ नेलं की थरथरतं. चुडा काचेचा आहे ना, हे आधी विचारलं. मग टोक मातीला लावलं.

ते थरथरलं.

मी दुसरीकडून लावून पाहिलं. थरथरलं.

"काकू, तुम्ही उकरा," मी म्हटलं.

"रविवारी तुळशीला हात लावत नाहीत ना?" निखिलने दारातून विचारलं.

"रविवारी पानं तोडत नाहीत," काकू म्हणाल्या. "माती उकरायला कोण नाही म्हणतंय? तो चमचा आण. तळ्यातला."

दोन बोटं खोल गेल्यावर वाळलेल्या करड्या चिखलाचा एक गोळा लागला. काकूंनी तो तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबला. गोळा फुटला आणि आतून पिवळं चमकलं.

 त्यांनी माळ तशीच, चिखलासकट, डोळ्यांना लावली. काका धावत आले. "मला खडे लागत होते बोटांना," ते म्हणत राहिले. "मला वाटलं, खडेच असतील."

"म्हणजे यंदा हिच्या लग्नात हिच्या अंगावर दागिना होता," काकू शेवटी म्हणाल्या. "आणि मी सगळ्यांना सांगत होते, सगळं पॅक झालंय, यंदा तुळशीला काहीच घातलं नाही."

काकांनी फोन उचलला, खोदयंत्रवाल्याला नको म्हणून सांगितलं, आणि माझ्या बाहीवरचा 'गो अहेड'चा टेप काढून स्वतःच्या पाकिटात ठेवला.

कराडला रात्र झाली होती, पण बाबा जागे होते. व्हिडिओ कॉलवर मी माळ दाखवली. त्यांनी ती फोन जवळ आणायला लावून बराच वेळ पाहिली. "मागचा अडकवायचा फासा ढिला झालाय. पहिल्या-दुसऱ्या बुडीतच उघडला असणार. ओवणी धड आहे." मग त्यांनी विचारलं, "आधी माणसं झाडायची, हे विसरलीस?"

"विसरले नाही. उशिरा आठवलं."

"तळं किती झाडलंस?"

"सगळं. उभं आणि आडवं."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मग ठीक."

ज्यांचे वडील असे नसतात, त्यांना या 'मग ठीक'ची किंमत सांगता येणार नाही. मी फोन ठेवला आणि निखिलला म्हटलं, आज जेवायला बाहेर जाऊ, मी देते.

परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर, पट्टा लावून, तुळस होती. "विमानात ही कुठे न्यायची? आणि तिला तुझ्याकडेच राहायचंय," असं म्हणून काकूंनी ती माझ्या हातात दिली. हिकरी मागे पडलं. मग निखिलने तो प्रश्न काढलाच.

"एक मान्य कर. काकांची मूठ नेमकी माळेवर पडली, हे लकच ना? वीतभर इकडेतिकडे पडली असती तर?"

"तर माळ तळ्यातच राहिली असती," मी म्हटलं, "आणि मला शनिवारीच सापडली असती."

 "ओके," तो म्हणाला. "पॉइंट आहे."

तुम्ही मला हा प्रश्न विचाराल, म्हणून माझं उत्तर इथेच देऊन ठेवते. वस्तू कुठे जाऊन पडते, ते नशीब. त्यात माझा काही हात नाही आणि मला त्याचं दुःखही नाही. पण तीन वर्षं मी समजत होते, की कौशल्य म्हणजे शोधून काढणं. तसं नाही. सापडलेलं सगळ्यांनाच दिसतं, त्यावर कोणी शंका घेत नाही. एका जागेवर उभं राहून 'इथे नाही' असं म्हणता येणं, आणि त्या शब्दावर दुसऱ्या कोणी यंत्र परत पाठवणं, यासाठी खूप शिकावं लागतं. माळ मिळाल्याचा आनंद आहेच. पण अभिमान मला त्याच्या आधीच्या वाक्याचा आहे, जे मी माळ मिळालेली नसताना, ओल्या चिखलात उभी राहून बोलले.

घरी पोहोचल्यावर तुळस खिडकीत ठेवली. चुकून एखादा मणी मातीत राहिला असेल का, अशी शंका आलीच. हातातलं मशीन काढलं, कुंडीभर नीट फिरवलं. ते शांत राहिलं.

मी ते बंद करून बॅगेत ठेवलं आणि झोपायला गेले. पुन्हा एकदा तपासायला उठले नाही.